गोल्फ क्लबात राखणदाराचा घास

मंडळी, दुपारपासून मन लागत नाहीये, म्हणून लिहितोय.

आज बाबांना गावाजवळच्या गोल्फ क्लबात जेवायला नेलं. समुद्राकाठचा हा सडा, म्हणजे कातळाचं माळरान, इथेच त्यांनी लहानपणी गुरं राखली. आता सगळी कातरलेली हिरवळ आणि काचेचं रेस्टॉरंट.

ताटं आली. बाबांनी भाताचा पहिला घास उचलला आणि ते हिरवळीकडे निघाले. रानात जेवायला बसलं की पहिला घास राखणदाराचा, ती जागा सांभाळणाऱ्या देवाचा, ही आमच्याकडची रीत.

शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. मी बाबांचा हात धरला. "बाबा, बसा हो. इथे असलं बरं दिसत नाही."

"जागो तोच आसा मा रे?" एवढंच विचारून ते बसले.

वेटरने अडवलं नव्हतं. अडवलं ते मी.

निघताना गेटबाहेर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खिशातून कागदी रुमालात गुंडाळलेला तो घास काढला, कुंपणाशी ठेवला आणि हात जोडले.

"बा राखणदारा, उशीर झालो. माज्या झिलाक लोकांची लाज वाटली. तेच्यावर रागाव नको. तेका सांभाळ रे म्हाराजा."

देवाला असं गाऱ्हाणं घातलं की सोबतच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. सोबत मी एकटाच होतो, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाबा जरा वेळ थांबले, मग गाडीत येऊन बसले.

आता म्हटलं तर पोचेल का हो?

व्हय म्हाराजा.