दाजींनी दाखवलेला सिनेमा

कोर्टाचे सिनेमे मला नकोच वाटतात. टीव्हीवर लागला की मी चॅनेल बदलते, पोरं हसतात. हसू द्या. मला दाजी आठवतात.

अक्का वैजापूरकडं मळ्यात दिलेली. त्या साली पंचमीला औरंगाबादला माहेरी आली ती पार सुकून. काही विचारलं की म्हणायची, काय नाय गं. मंगळवारी दाजी तिला न्यायला आले आणि मोठ्या कौतुकानं आम्हा दोघींना गुलमंडीकडच्या टॉकीजला दुपारच्या खेळाला घेऊन गेले. सिनेमात एक बाई गच्चीवरून पडून मेलेली. नवरा म्हणत होता पाय घसरला, वकील म्हणत होता ढकललं. मग शेजारीण साक्षीला उभी राहिली. तिनं बाईचं ओरडणं ऐकलं होतं.

दाजी शेंगा फोडत होते. अक्काकडं वाकून, पण मलाही ऐकू येईल असं म्हणाले, "त्यो नवरा खुळा हाय. आपल्या मळ्यात कोण ऐकणार?"

आणि हसले. अक्कानं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. पुढं तो नवरा सुटला की फासावर गेला, देवाशपथ मला माहीत नाही. मला मळ्यातलं ते एकटं घर आणि दारातली बिनकठड्याची विहीर दिसत होती.

घरी आल्यावर चुलीपाशी मी मायला सगळं सांगितलं. तिनं जळतं लाकूड मागं ओढलं. तिचं तोंड बघून मी आणखीच घाबरले.

सकाळी दाजी निघायची घाई करायला लागले. मायनं चहा पुढं ठेवला आणि म्हणाली, आज बुधवार, जाशील बुधी तर येशील कधी, लेक आज सासरी जायची नाही. एरवी मी तिच्या या वारांची टिंगल करायची. त्या दिवशी मात्र, असतं बाई असं, म्हणून मान डोलावली. दाजी कुरकुरले, पण रीतीपुढं काय बोलणार? राहिले. दिवसभर मी अक्काचा पदर सोडला नाही. पण एका दिवसानं काय होणार होतं? मेला गुरुवार उजाडणारच होता.

उजाडला. दाजींनी अक्काची पिशवी उचलली. मायनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आज गुरुवार हाय," दाजी म्हणाले.

"तुमच्याकडं असंल, जावईबापू," माय म्हणाली. "माझ्या दारात आता रोज बुधवारच."