उशीमावशीचे भोपळे

उशीमावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. सोफ्यांच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून ती उशा शिवायची, आणि तिच्याकडे वाढणाऱ्या मुलीची ती सख्खी मावशी होती. या दोन गोष्टी जोडून इमारतीने तिचं नाव ठेवलं आणि तिनेही ते मुकाट्याने वापरायला घेतलं.

गोल उशीवर तिचा हात बसलेला होता. कापूस ठासून भरलेल्या पिशवीच्या मधोमध दाभण घालायचं, दोरा वरून खाली, खालून वर ओढत न्यायचा, आठ पाकळ्या पडल्या की मध्ये बटण बसवून गाठ मारायची. दोरा जेवढा घट्ट, तेवढी उशी देखणी. "किती नव्या संसारांत माझ्या उशा गेल्या," ती म्हणायची, "मीच तेवढी राहिले." ती स्वतःवर असा विनोद करायची तेव्हा हसावं की नाही, ते समोरच्याला कळायचं नाही.

धाकटी बहीण गेली तेव्हा बहिणीची मुलगी नुकती धरून उभी राहायला लागली होती. मुलीचा बाप दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा. तो म्हणाला, "ताई, थोडे दिवस." भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, माय मरो पण मावशी जगो. नंतर आमच्या आईजवळ उशीमावशी म्हणाली होती, "ज्याने ही म्हण केली ना, त्याच्या घरात कुणी मेलं नसणार."

थोड्या दिवसांची वर्षं झाली. मुलगी एका जागी बसेना म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. शाळेत तिने एकदा मावशीला आई म्हणून हाक मारली, तर मावशीने तिथेच वाकून तिला सांगितलं, "आई फोटोतली. मी मावशी." आमच्या आईला हे पटायचं नाही. "म्हणू दे की. तुझं काय जातं?" मावशी म्हणायची, "माझं काही जात नाही. पण जिचं सगळंच गेलं, तिचं एवढं तरी राहू दे."

मग बापाने दुसरं लग्न केलं. माणूस वाईट नव्हता. एकदा येऊन, चहाचा कप नुसता फिरवत बसून, शेवटी म्हणाला, "ताई, आता घर झालंय. तिला न्यावं म्हणतो. पण तिला विचारूनच. ती नाही म्हणाली तर पुन्हा विषय काढणार नाही." येत्या रविवारी दोघं नवरा-बायको येणार, असं ठरलं.

शनिवारी सकाळी उशीमावशी एक भलामोठा भोपळा कडेवर घेऊन आमच्या दारात उभी राहिली. ओव्हन इमारतीत आमच्याकडेच होता. भिंगरीच्या शाळेच्या वाटेवर एका बेकरीच्या काचेत भोपळ्याचा चीजकेक असायचा. केकच्या डोक्यावर पावाचे चार इवलेसे भोपळे. "आपण करू या ना," म्हणून ती मागे लागायची आणि मावशी म्हणायची, "करू कधीतरी."

"तो कधीतरी आज उजाडला वाटतं," आई म्हणाली.

"हो. द्या तुमचा ओव्हन."

"देईन. पण मला सांग, उद्या तिला विचारणार आहेत आणि आज तू केक करतेस. याला काय म्हणायचं? लाच?"

मावशी सुरी शोधत होती. "मी तिला एक अक्षर शिकवलेलं नाही," ती म्हणाली. "कुठे राहायचं, काय बोलायचं, काही नाही. ती आपणहून म्हणाली ना, मला नाही जायचं, तर एवढं वाक्य मला पुरे आहे. मग मी कुणाला ऐकणार नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "केक काय, सगळेच करतात."

भोपळा वाफवला, कुस्करला आणि त्यातलं पाणी निथळावं म्हणून मांजरपाटात बांधून नळाला टांगला. भिंगरीने बिस्किटांचा चुरा केला. निम्मा डब्यात, निम्मा पोटात. लोण्यात कालवलेला चुरा मावशीने वाटीच्या बुडाने डब्यात दाबून बसवला. चीज, साखर, अंडी आणि भोपळा हे सगळं तिने इतक्या हळू फेटलं की आई म्हणाली, "झोपवतेस की काय त्याला?" केक भाजला. मध्यभागी थोडा थरथरत होता, तेव्हाच ओव्हन बंद केला आणि दार किलकिलं ठेवून तो आतच निवू दिला, नाहीतर वरून तडकतो. भिंगरी ओव्हनसमोर मांडी घालून बसली होती. एवढा वेळ ती एका जागी बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

रविवारी सकाळी भोपळे. भोपळ्याचाच गर घालून पीठ मळलं होतं, छान पिवळं. त्याचे गोळे केले आणि मावशीने दुकानातून आणलेला दोरा काढला. चार दोरे खालून घ्यायचे, वर एकत्र बांधायचे, की पाकळ्या पडतात. तिने ते आयुष्यभर बांधले तसे बांधले, दात आवळून, करकचून. गोळे इतके सुबक दिसले की आईनेही वाकून पाहिले.

ओव्हनमध्ये ते फुगले. दोरा आत रुतला, पाकळ्या त्याच्यावरून ओसंडल्या, एक तर उभा फाटला. बाहेर काढल्यावर दोरा सापडेना. मावशी त्यात दाभण घालून उसवत बसली.

"अगं, कापूस फुगत नाही," आई हसू दाबत म्हणाली, "पीठ फुगतं. हे दुकानात नेऊन ठेव, गिऱ्हाईक डोकं टेकून झोपेल."

मावशीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. दुसऱ्या वेळी भिंगरीने बांधले. "मावशी, तू नको. तुझा हात घट्ट आहे." तिने दोऱ्याला तेल लावलं, गोळ्याला नुसता टेकवला आणि सैल गाठ मारली. या वेळी भोपळे भोपळ्यांसारखे झाले. दोरे कापले तर सुळकन निघाले. देठाच्या जागी एकेक लवंग टोचली आणि भिंगरीने चारही भोपळे केकवर मांडले, मग थोडे सरकवले, मग पुन्हा मूळ जागी आणले.

पाहुणे दुपारी आले. केक वर नेऊन द्यायला आम्ही गेलो होतो, ते तिथेच थांबलो. नवी बायको सडपातळ, बुजलेली. खुर्चीवरची उशी तिने मांडीवर घेतली आणि बोटाने तिच्या पाकळ्या चाचपत बसली. केक कापला. सगळ्यांनी वाखाणला. बापाने बशी खाली ठेवली.

"भिंगरे," तो म्हणाला, "आमच्याकडे राहायला येशील? की मावशीकडे राहायचंय? तू म्हणशील तसं. कुणी रागावणार नाही."

मावशी सुरीला लागलेला केक पुसत होती. सुरी कधीच स्वच्छ झाली होती.

भिंगरीने तोंडातला घास संपवला. "तिकडे ओव्हन आहे?"

"आहे," नवी बायको म्हणाली. "पण मला काही येत नाही त्यात. पाव गरम करते नुसता."

"मला येतं." भिंगरी खुर्चीच्या कडेला सरकली. "दोरा सैल बांधायचा असतो. पीठ फुगतं ना. मी शिकवीन तुम्हाला." मग बापाकडे वळून म्हणाली, "मग येते मी. मावशी रविवारी येईल ना तिकडे?"

बंदर एका दिवसाच्या प्रवासावर होतं.

"येईन की," मावशी म्हणाली.

ती बशा घेऊन आत गेली, मागोमाग आई. मी दारातच होते. आई दबक्या आवाजात म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. तिला कळतंय का, काय बोलली ते? तू नुसतं राहा म्हण. तुझा शब्द ती मोडायची नाही."

"म्हणून तर म्हणत नाही," मावशी म्हणाली आणि नळ सोडला.

भिंगरीचे कपडे आधीच बांधलेले होते. मावशीने ते कधी बांधले, आम्हाला पत्ता नव्हता. हट्टाने घेतलेला लाल स्वेटर सगळ्यात वर होता. उरलेला केक तिने खोक्यात घातला, भोवती फोमचे तुकडे बसवले. भिंगरी म्हणाली, खोका मीच नेणार. मावशीने तिचे केस कानामागे सारले, गळ्याशी घेतलं, पुरतं घेता आलं नाही, कारण मध्ये खोका होता.

"तिरका करू नकोस. बघून उतर."

भिंगरीने ऐकलं. ती दोन्ही हातांनी खोका धरून, नजर त्याच्यावरून न हलवता, एकेक पायरी चाचपत उतरली. एरवी ती जिना दोन उड्यांत संपवायची. मावशी कठड्याला पोट टेकून खाली वाकली होती. अंगणात पोचली की ती वर बघेल, असं आम्हाला वाटलं. अंगणात जरा चढउतार होता, तिने अजूनच जपून पावलं टाकली. बापाने गाडीचं दार उघडलं. ती आधी मागे सरत सीटवर टेकली, मग अलगद वळली आणि मान खाली घालून खोका मांडीवर सारखा केला.

गाडी निघाली. आईने मावशीच्या पाठीवर हात ठेवला.

"मांडीवर धरलाय," मावशी म्हणाली. "आता हलायचा नाही."