सुबोधचं पिस्तूल ठरत नाहीये

इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात मायक्रोवेव्ह एकच आहे आणि डबे गरम करणारे मराठी लोक बरेच. त्यामुळे जेवायच्या वेळी तिथे लाईन लागते, आणि लाईन लागली की किस्से निघतात. कोणी ते लिहून ठेवत नाही, पण विसरतही नाही. हल्ली तर बाकी सगळ्यांचे किस्से मागे पडलेत. जो येतो तो सुबोधचाच नवा किस्सा घेऊन येतो. मीही काही कमी जमवलेले नाहीत!

सुबोध म्हणजे आमच्या टेस्टिंग टीमचा लीड. मूळचा नागपूरचा. कंपनी त्याला टेक्सासला पाठवणार हे जवळजवळ नक्की झालं होतं. नक्की नव्हतं ते एवढंच, की त्याची बायको मेधा आणि सहा वर्षांची इरा बरोबर जाणार की नाही. मेधा इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, माझी जवळची मैत्रीण आहे, आणि तिने काही केल्या हो म्हटलं नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? शाळा बघेल, घर बघेल, बायकोशी चार शब्द नीट बोलेल. सुबोध पिस्तूल बघत होता!

कपड्यांच्या आत लपवून बाळगायचं पिस्तूल. तेही कुठे बसून, तर या देशात, जिथे पिस्तुलावर बंदी आहे आणि रस्त्यावरचा पोलीससुद्धा बहुधा बंदुकीशिवाय फिरतो.

* * *

एकदा लाईनीत मी त्याला विचारलं, "इराच्या शाळेचं काय ठरलं?"

"बघू."

"आणि घर?"

"होईल गं."

"मग झालंय काय?"

"पिस्तूल शॉर्टलिस्ट झालंय," तो म्हणाला. "पण छोटं घ्यावं की मध्यम, तिथे अडलंय यार. छोटं लपतं मस्त, पण उडवलं की झटका फार देतं. मध्यम हातात बसतं, पण शर्टातून दिसतं."

आमच्या पुढे नेने उभे होते. नेने ऑफिसात सगळ्यात सीनिअर, रिटायरमेंटला आलेले. ते हळूच वळले. "तू मारणार कोणाला आहेस, सुबोध?"

"अहो नेने, मारायचं नसतं हो! धाक असतो. समोरचा दोनदा विचार करतो."

"पण तू तर ते लपवणार ना?"

"हो, अर्थात."

"मग समोरच्याला कळणार कसं?"

सुबोधने आपला डबा उचलला आणि गारच खायला घेऊन गेला.

* * *

पिस्तूल म्हणे हाताच्या मापाचं हवं. त्यासाठी ते हातात धरून बघायचं, आणि इथे धरून बघायला मिळणार कुठे? मग साहेब जे मिळेल ते धरून बघायला लागले. स्टेपलर झाला, गोंदाची बाटली झाली, मेधाचा हेअर ड्रायर झाला.

एका शनिवारी मी सुपरमार्केटात शिरले तर हा सेल्फ चेकआऊटला. हातात बारकोड वाचायचं यंत्र. गुडघे किंचित वाकवलेले, दोन्ही हात समोर ताणलेले, एक डोळा मिटलेला, आणि नेम धरलाय टोमॅटोच्या डब्यावर! मागे खोळंबलेली माणसं निमूट उभी. इंग्लिश माणूस लाईनीत उभा राहून म्हातारा होईल, पण बोलणार नाही.

शेवटी दुकानातली बाई आली. "यू ऑलराईट देअर, लव्ह?"

"जस्ट चेकिंग द ग्रिप," सुबोध म्हणाला.

तिने त्याच्या हातातून ते यंत्र अलगद काढून घेतलं आणि मशीनवर बोर्ड लावला, 'आऊट ऑफ ऑर्डर'. तो बोर्ड मशीनवर का लावला, सुबोधवर का नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

* * *

मग होल्स्टर आलं. होल्स्टर म्हणजे पँटच्या आतून कमरेला अडकवायचं पिस्तुलाचं घर. ते विकत घ्यायला इथे बंदी नाही, म्हणून याने आधी तेच मागवलं. नवरदेवाचा पत्ता नाही आणि घोडा दारात!

होल्स्टरमध्ये चष्म्याची केस खुपसून तो ऑफिसला यायला लागला. सवय व्हावी म्हणून. आता सुबोधचं पोट चांगलंच सुटलंय. पुढे लावलं तर खाली बसता येईना, मागे लावलं तर खुर्चीत टोचायचं, आणि बाजूला लावलं तर शर्टातून टेंगूळ दिसायचं. महत्त्वाच्या मीटिंगमध्ये हा एका कुशीवर कलून बसलेला, घामाघूम, आणि दर पाच मिनिटांनी कमरेशी चाचपतोय.

आमची मॅनेजर हेलन फार सज्जन बाई. मीटिंग संपल्यावर तिने त्याला बाजूला घेतलं. माझ्या भावाचंही हर्नियाचं ऑपरेशन झालंय, म्हणाली, यात लाजण्यासारखं काही नाही. घरून काम कर, हवे तितके ब्रेक घे.

सुबोध आमच्याकडे आला तो फुललेल्या चेहऱ्याने. "बघितलं? तिला काही कळलंच नाही!"

* * *

गेल्या उन्हाळ्यात टीमची सहल होती. एका शेतावर मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि आपण त्या बंदुकीने फोडायच्या. लायसन असलेली जागा, बरोबर शिकवणारी बाई. वयाने सत्तरीची असेल, पायात चिखलाचे बूट.

जाताना बसमध्ये सुबोधने आम्हाला लेक्चर दिलं. श्वास कसा सोडायचा, बोट ट्रिगरवर कधी न्यायचं, नळी कुठे धरायची. "ही काही खेळायची वस्तू नाही," असंही वर म्हणाला, जसं काही आम्हीच वर्षभर स्टेपलर धरून फिरत होतो.

पहिला नंबर अर्थात त्याचा. तबकडी उडाली, धडाम्म आवाज झाला, बंदुकीचा दस्ता त्याच्या खांद्यावर आदळला. तबकडी सुखरूप खाली उतरली. आणि हा गडी बंदुकीसकट गर्रकन मागे वळून आम्हाला म्हणतो, "ढकललं कोणी?"

आम्ही सगळे चिखलात पालथे. दुसरी गोळी बंदुकीत होती! नेने या वयात माझ्या शेजारी आडवे झाले होते. आज मी हे हसत सांगतेय, पण तेव्हा मला त्याचा मनापासून संताप आला होता. घरी या माणसाची सहा वर्षांची मुलगी आहे, हेच डोक्यात येत होतं.

त्या बाईंनी एका हाताने बंदुकीची नळी जमिनीकडे दाबली, दुसऱ्या हाताने बंदूक काढून घेतली आणि म्हणाल्या, "कप ऑफ टी, डार्लिंग?"

उरलेला वेळ सुबोध चहाच्या टेबलाशी बसून होता. परतताना म्हणाला, "मोठ्या बंदुकीचं वेगळं असतं रे. माझा हात पिस्तुलाचा आहे!"

* * *

त्याचा मावसभाऊ समीर कित्येक वर्षं टेक्सासात राहतोय. सुबोधने लंच टाईममध्ये त्याला व्हिडिओ कॉल लावला, आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"सम्या, तू कोणतं पिस्तूल वापरतोस?"

"मी? माझ्याकडे कुठलं पिस्तूल?"

"अरे मग भीती नाही वाटत?"

"वाटते ना. गारांची! लिंबाएवढ्या पडतात यार. गाडीचं छप्पर पार चेपलं. तू येशील तर आधी गॅरेजवालं घर बघ."

सुबोधने फोन ठेवला. "हा सम्या लहानपणापासूनच बावळट आहे," तो म्हणाला.

* * *

आता इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याचं सांगते.

सोमवारी सुबोधला कंपनीला शेवटचं उत्तर द्यायचं होतं. त्याआधीच्या गुरुवारी मी त्यांच्या घरी जेवायला होते. मी समोर आहे म्हणून मेधा थांबली नाही, बरंच साठलं होतं तिचं.

"पासपोर्ट तू हीथ्रोच्या ट्रेमध्ये विसरलास," ती म्हणाली. "लॅपटॉप रेडिंगच्या ट्रेनमध्ये. इराला एकदा स्विमिंगला विसरून आलास. तर ते पिस्तूल तू कुठे विसरणार, एवढं मला आत्ता सांग. कारण ते पहिलं कोणाला सापडेल हे मला माहितीये."

"अगं, पिस्तूल कोणी विसरतं का? कमरेलाच असतं ते!"

मेधा उठली, आत गेली आणि खलबत्त्यातला पितळी बत्ता घेऊन आली. "हा घे. वजन असेल तेवढंच. रविवारी हा कमरेला लावून कार्यक्रमाला ये. हॉलमधून निघेपर्यंत तुझ्यापाशी राहिला, तर मी आणि इरा तुझ्याबरोबर टेक्सासला येतो. एक शब्द बोलणार नाही. नाही राहिला, तर आम्ही इथेच."

"डन!" सुबोध म्हणाला. मला मात्र ठाऊक होतं, मेधा जे बोलते ते करते.

तीन दिवस घरात प्रॅक्टिस चालली. आरशासमोर बत्ता बाहेर, बत्ता आत. इरा सोफ्यावर बसून बघायची. तिलाही पाठ झालं, की हा बाबाचा गन.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये गुढी उभारली, लेझीम झाली, श्रीखंडपुरी झाली. सुबोध ढगळ कुर्ता घालून फिरत होता. मेधासमोरून जाताना दरवेळी कमरेवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "आहे!" आणि खरंच होता. जेवणं उरकली तरी होता. मेधाचा चेहरा उतरत चालला होता. मी तिचा हात धरून बसले.

जेवण झाल्यावर सुबोध टॉयलेटला जाऊन आला. हॉलला एकच टॉयलेट, मोठ्यांचं, मुलांचं, सगळ्यांचं. आला तो खुशीत होता. मग चहाचा कप घेऊन पुरुषांच्या घोळक्यात उभा राहिला आणि सुरू झाला.

"जबाबदारी असते हो ही! चोवीस तास अंगावर. मुलांचा हात लागायचा प्रश्नच येत नाही."

नेने त्याच्या पाठीमागे बघत होते. आम्हीही बघितलं. इरा परकर सावरत धावत येत होती, मागे तिची मैत्रीण अन्वी. इराच्या दोन्ही मुठींत बत्ता होता.

"बाबा, तुझा गन टॉयलेटमध्ये होती!" ती धापा टाकत म्हणाली. "आम्ही किती वेळ खेळतोय! मी अन्वीला दोन वेळा मारला. मग अन्वीने मला मारला. आता तुझा टर्न."

मेधा माझा हात सोडून उभी राहिली.

इराने बत्ता वर उचलला. "हलू नको हं, बाबा."

सुबोध हलला नाही.