धूळ मोजणारा ॲन्सेल्म

वसईच्या दगड दळणाऱ्या कारखान्यात ॲन्सेल्म रुमाव दहा वर्षं सेफ्टी सुपरवायझर होता. हेल्मेट घाला, बूट घाला, असं ओरडून त्याचा घसा बसला होता. त्र्याऐंशी साली तो कोर्स करून आला आणि कामगारांच्या श्वासात किती धूळ जाते ते मोजायचं काम त्याने मागून घेतलं.

पहिल्याच दिवशी त्याने हिरामण नावाच्या कामगाराच्या कॉलरला धूळ ओढणारं बारकं यंत्र अडकवलं आणि दिवसभर काढू नको म्हणून दम भरला. संध्याकाळी आतला फिल्टर कोरा, धुळीचा कण नाही! मालकाने पेढे मागवले. ॲन्सेल्मचं डोकं सटकलं, कारण समोर हिरामण पिठात लोळल्यासारखा उभा होता.

"काढलं होतंस ना?"

"शप्पथ साहेब, नाय! प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं फक्त," हिरामण खोकत म्हणाला. "एवढं महागाचं मशीन, धुळीनं खराब झालं असतं."