चाकू हातात द्यायचा नाही

बासष्टच्या लढाईनंतर माझी पोस्टिंग जयपूरला आली. मी सिग्नल्समध्ये लाइनमन होतो. लाइनमन म्हणजे टेलिफोनच्या तारा टाकणारा, तुटल्या तर जोडणारा. दापोलीकडचा माणूस, दमट हवेत वाढलेला. जयपूरच्या थंडीने पहिल्याच आठवड्यात माझे ओठ फुटले.

निवृत्तीनंतर मी इथेच, जयपूरच्या सोडाला भागात राहिलो. आमच्या मराठी मंडळात बँकवाल्या जोशांची सून एकदा म्हणाली, "काका, मतलब, फौजेत सगळ्यात कामाचं हत्यार कोणतं?" तिला रायफल हे उत्तर हवं होतं. मी म्हटलं, चाकू. ती हसली. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या हसणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

फौजेचा जॅक नाइफ म्हणजे घडीचा चाकू. दिसायला ओबडधोबड. एक रुंद पातं, डबा फोडायचा एक आकडा आणि पाठीवर एक अणकुचीदार जाड सळई. मागे कडी, कडीत दोरी, दोरीचं दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. या दोरीला लॅनयार्ड म्हणतात. चाकू दोरीतून सोडायचा नाही, हा आमच्या हवालदार रामसिंह साहेबांचा हुकूम होता. रामसिंह साहेब रोहतककडचे. हुकूम एकदाच द्यायचे.

त्या चाकूने आम्ही काय करत नव्हतो ते विचारा. तारेचं रबर सोलायचो. दोरखंडाच्या घट्ट गाठी सळईने सैल करायचो. पट्ट्याला नवं भोक पाडायचो. दुधाचे डबे फोडायचो, पेन्सिलीला टोक काढायचो, चुलीसाठी लाकडाच्या ढलप्या करायचो, बुटातून घुसलेला बाभळीचा काटा काढायचो. लान्स नाईक गणपत शेलार तर त्याच पात्याने गूळ फोडायचा, पातं पँटला पुसायचा आणि तार सोलायला बसायचा. मग आमच्या जॉइंटना मुंग्या लागायच्या. लाइनमध्ये बिघाड नाही आणि मुंग्या मात्र ओळीने चालल्यात, हे पाहून एकदा कॅप्टन साहेबही चक्रावले होते.

गणपत माण भागातला. माझा जोडीदार. मला कोकण्या म्हणायचा. त्याच्या चाकूला धार अशी की हातावरचे केस निघत. माझा कायम बोथट, त्यामुळे मी सारखा त्याचा मागायचो. पण गणपत चाकू कधी हातात द्यायचा नाही. त्याच्या आईने सांगितलं होतं, हातात चाकू दिला की दोघांत भांडण लागतं. म्हणून तो शेजारी येऊन बसायचा, चाकू जमिनीवर ठेवायचा, मग मी उचलायचा. चाकू त्याच्या पट्ट्याला बांधलेला, म्हणजे माझं काम होईपर्यंत आम्ही दोघे एका दोरीला. हे सोयीचं व्हावं म्हणून त्याने लॅनयार्डला आणखी दोरी जोडून ती चांगली वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून मावेल इतकी लांब केली होती. रामसिंह साहेब म्हणायचे, चाकू बांधलाय की म्हैस? गणपत हसायचा आणि दोरी तशीच ठेवायचा.

त्या वर्षी संक्रांतीच्याच दिवशी एक्सरसाइज, म्हणजे लढाईचा सराव, निघाली. जयपूरला लागूनच्या आमेरच्या डोंगराच्या धारेवरून खाली गावाजवळच्या तंबूपर्यंत लाइन टाकायची होती. दुपारी बाराला कमांडिंग ऑफिसर वरून फोन उचलणार आणि एक्सरसाइज सुरू होणार. दुसरं सेक्शन रस्त्याच्या बाजूने तार आणत होतं. ज्याची लाइन आधी थ्रू, म्हणजे जोडून चालू, साहेब त्याच लाइनवर बोलणार. नुसत्या कल्पनेने आमच्या अंगात वारं शिरलं होतं.

सकाळी आम्ही धारेवर पोहोचलो तेव्हा वाटलं, लढाई आधीच सुरू झाली आहे. एका बाजूला जयपूर, एका बाजूला आमेर, दोन्हीकडे गच्च्या माणसांनी भरलेल्या आणि आभाळात जागा नाही इतके पतंग. "वो काटा!" असा ओरडा खालून वर येत होता. तुटलेले पतंग आमच्या डोक्यावरून जात. आमच्या तारेच्या ड्रममध्ये मांजा अडकला की गणपत चाकूने तो कापायचा आणि स्वतःच हळूच "वो काटा" म्हणायचा. मलाही हसू आवरेना. रामसिंह साहेबांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, मग आम्ही गप्प.

जुन्या तटबंदीत एक खिंडार होतं. तारेचं टोक तिथे बांधलं. तार गुंडाळलेला ड्रम लोखंडी चौकटीत बसवलेला, चौकट दोन पट्ट्यांनी माझ्या पाठीवर. मी पुढे उतरायचं आणि मागे तार सुटत राहणार. उतारावर पाय ठेवला आणि खालचे दगडच निघाले. मी पोटावर घसरत कड्याच्या काठापर्यंत गेलो. कमरेपासून खाली सगळं अधांतरी. डावा हात धोक नावाच्या तिथल्या झाडाच्या मुळाला. चौकटीचा उजवा पट्टा तुटला होता, त्यामुळे सगळा ड्रम डाव्या खांद्यावर लोंबकळत मला खाली ओढत होता. खाली तीन पुरुष उंचीचा सरळ कडा, मग दगड आणि काटे. मूळ हळूहळू मातीतून सुटत होतं. ते मला दिसत होतं.

माझा चाकू कमरेला, आणि कमर खडकावर दाबलेली. पाचावर धारण बसली, हे मी आज कबूल करतो.

गणपत पालथा पडून सरकत आला. रामसिंह साहेबांनी त्याचे पाय धरले. त्याचा हात माझ्या उजव्या हाताच्या बोटांपर्यंतच पोहोचत होता, खांद्यावरच्या पट्ट्यापर्यंत नाही. कापायचं मलाच होतं.

"गणपत, चाकू," मी म्हटलं.

त्याने पातं उघडलं. आणि चाकू माझ्या हाताजवळच्या दगडावर ठेवला.

इतकी वर्षं झाली, तो क्षण आठवला की आधी हसू येतं आणि मग घाम फुटतो. मी बोटं नेली, बोटं लागली आणि चाकू घसरला. माझ्या कानाजवळून खाली गेला. मग दोरीला हिसका बसला आणि तो तिथेच लोंबकळत राहिला. ती म्हशीची दोरी.

रामसिंह साहेबांचा आवाज आला, "हाथ में दे, शेलार. हाथ में."

गणपतने दोरी ओढून चाकू वर घेतला. या वेळी मूठ माझ्या तळहातात ठेवली आणि माझी बोटं स्वतःच्या हाताने तिच्यावर मिटली.

"कोकण्या," तो म्हणाला, "भांडण लागलं तर ते तुझ्या नावावर."

मी खांद्यावरचा पट्टा कापला. एका ओढीत अर्धा, दुसऱ्या ओढीत पूर्ण. अशी धार मी पुन्हा पाहिली नाही. ड्रम सुटला, गणपतने माझं मनगट पकडलं आणि साहेबांनी आम्हा दोघांना वर खेचलं. ड्रम कड्यावरून आदळत, उड्या मारत, तार सोडत आमेरच्या दिशेने निघाला. नेमका तेव्हाच खालच्या गच्च्यांवरून ओरडा उठला, "वो काटा!" कुणाचा तरी पतंग गेला असणार. पण आम्हाला वाटलं सगळं आमेर आमच्यासाठी ओरडतंय. आम्ही तिघे दगडांवर पडून हसत सुटलो. साहेबसुद्धा.

मग भान आलं. वाट शोधून खाली धावलो. ड्रम तंबूच्या अलीकडे एका काटेरी कुंपणात अडकला होता आणि जवळजवळ सगळी तार त्याने स्वतःच टाकली होती. तीन ठिकाणी तुटली होती. गणपतने सोलली, मी जोडली. शेवटचा पीळ त्याने दातांनी दिला. फोन लावला.

"हॅलो, टेस्टिंग."

"आवाज़ साफ़ है," वरून कॅप्टन साहेब म्हणाले. "लाइन थ्रू."

बाराला अजून वेळ होता. दुसरं सेक्शन मांज्याच्या गुंत्यात बसलं होतं. रामसिंह साहेबांनी कुंपणातल्या ड्रमकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगली बार पहले ड्रम फेंकना, आदमी बाद में." त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खर्चाने आम्हाला गजक, म्हणजे इकडची तीळगुळाची वडी, खाऊ घातली. ती गणपतने त्याच चाकूने फोडली.

त्यानंतर आम्ही भांडणाची वाट पाहत राहिलो. गणपत म्हणायचा, एकदाचं होऊन जाऊ दे, डोक्यावर नको. मुद्दाम माझ्या चहात मीठ टाकायचा. मी त्याचे बूट लपवायचो. दोघेही रागाने उभे राहायचो, एकमेकांकडे पाहायचो आणि हसायला लागायचो. भांडण काही जमत नव्हतं.

पासष्टला आम्ही सीमेवर होतो. गोळाबारीत लाइन तुटली. जायची पाळी माझी होती. गणपत म्हणाला, "तुझा चाकू बोथट आहे, मीच जातो." आणि गेला. थोड्या वेळाने माझ्या फोनवर आवाज आला.

"टेस्टिंग. कोकण्या, ऐकू येतंय का?"

"येतंय," मी म्हटलं. "परत ये."

लाइन त्यानंतरही थ्रू राहिली. तो परतला नाही. परतताना वाटेत गोळा पडला होता.

संध्याकाळी रामसिंह साहेब माझ्याकडे आले. त्यांच्या हातात त्याचा चाकू होता, ती लांब दोरी गुंडाळलेली. ते खाली वाकले, चाकू माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि मी उचलेपर्यंत तिथेच उभे राहिले. तेव्हा मी रडलो.

तो चाकू आजही माझ्याकडे आहे. धार मी रोज लावतो, पण त्याच्यासारखी येत नाही. संक्रांतीला गच्चीवर पेरू कापतो, पोरांच्या पतंगाच्या काड्या तासून देतो. जोशांच्या सुनेने चाकू मागितला तर ताटात ठेवतो, ती उचलते. अंधश्रद्धा म्हणते, म्हणू दे. गणपतशी व्हायचं भांडण अजून माझ्या नावावर बाकी आहे. त्याच्याआधी मला दुसऱ्या कुणाशी भांडायचं नाही.