बर्फाच्या कारखान्याचं दार

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात दारावर होते. काम एकच. लादी बाहेर निघाली की दार लावायचं. भिंती दोन हात जाड, आत लाकडाचा भुसा ठासलेला. दार उघडं राहिलं तर माल गटारात. कारखाना बंद पडला, पण ते भाऊजींच्या हातांना कोणी कळवलंच नाही. घरी शेजारीण चाळणी मागायला आली की तिचं अर्धं वाक्य आत आणि ती बाहेर. जाऊबाई रडकुंडीला आल्या.

मग एका हौशी माणसाने त्याच इमारतीत हॉटेल काढलं. लाद्या रचायच्या तिथे टेबलं, साचे बुडवायच्या हौदावर फळ्या टाकून गाण्याचं स्टेज. जुना माणूस म्हणून भाऊजींनाच दारावर घेतलं. जाऊबाई त्या दुपारी तीन तास झोपल्या.

आठवड्याभरात भाऊजींनी एका नवऱ्याला आत घेऊन बायकोच्या नाकावर दार लावलं. मालक वैतागला.

"काका, गिऱ्हाईक वितळत नाही हो."

"तुम्ही ठेवून बघितलंय?"

शनिवारी दार उघडं दिसलं नाही तर घरी बसा, असं त्याने बजावलं. जाऊबाई धावत माझ्याकडे. "ताई, काहीही करा, पण हे घरी नकोत."

म्हणून शनिवारी संध्याकाळी मी दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्यावर बसले. भाऊजी हात पाठीमागे बांधून उभे. दार सताड उघडं. आत ढोलवाला नुसता पिसाळला होता. तेवढ्यात आवाज मोजायचं यंत्र घेऊन एक साहेब आले. शेजाऱ्यांची तक्रार होती. काटा टोकाला गेला.

"गाणं बंद करावं लागेल," साहेब म्हणाले. मालक धावत बाहेर आला, गयावया करू लागला.

भाऊजींना मात्र उघडं दार आणखी सोसवेना. धाडकन लावलं. गल्ली चिडीचूप. काटा खाली. साहेबांनी यंत्राला दोन टपल्या मारून पाहिल्या.

"दार असंच लावलेलं असतं?"

"यांना त्यासाठीच तर ठेवलंय," मालक म्हणाला. लाज कशी ती नाहीच. साहेब कागदाची घडी घालून गेले.

मालक खुशीत आत निघाला. भाऊजी आडवे.

"गाणं संपू दे."

"अहो काका, मी मालक आहे."

"मग तुम्हाला जास्त कळायला हवं."

अकरा मिनिटं तो पायरीवर बसून होता. मी खुर्ची दिली नाही.