दगडूतात्यांचं शेवटचं कडवं

स्वारगेटहून बारामतीची एसटी पकडली, तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही मुली ज्या गाण्यावर नाचलो, ते कॅसेटच्या जमान्यातलं गाणं आता एका सिनेमात आलंय. आणि नावांच्या यादीत गीतकार कोण, तर म्हणे 'पारंपरिक'! अहो, ती कॅसेट माझ्या पर्समध्ये होती. 'गीत आणि गायन : दगडू निमगावकर' असं तिच्यावर ठळक छापलंय. एका मालिकेत तर सासू पाय घसरून पडली की हेच गाणं वाजतं. माणूस हयात आहे, निमगाव केतकीत राहतो, हे मला दोन फोनांत कळलं. यांना का नाही कळलं?

बारामती स्टँडवर भेळ खाऊन इंदापूरच्या गाडीत बसले. काटेवाडी गेली, दोन्ही अंगांना ऊस सुरू झाला. सणसरला एक उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली, तिच्यापायी पाऊण तास उन्हात काढला.

निमगावात दगडूतात्या पानमळ्यात नागवेलीची पानं खुडत होते.

"वाकून या ताई, येल डोक्याला लागत्यात."

मी कॅसेट हातात दिली. त्यांनी ती धोतराला पुसली, उलटसुलट पाहिली. यादीतल्या 'पारंपरिक'चं सांगितलं, तर त्यांना पटेचना.

"आवो, शेवटच्या कडव्यात माझं नाव हाय की! आमच्या वस्तादांची रीतच हाय ती. कागद फाटंल, कडवं कुठं जातंय?"

सिनेमावाल्यांनी नेमकं तेच कडवं छाटलं होतं. मला सांगताना लाज वाटली.

दुपारी तात्या मला भावकीतल्या बारशाला घेऊन गेले. लापशी झाली, आमटी झाली, आणि स्पीकरवर तेच गाणं लागलं, सिनेमातलं. कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमी म्हना की!" तात्या उभे राहिले आणि अख्खं गाणं म्हणाले. आवाज थकलाय, पण सूर तसाच आहे. शेवटी त्यांचं नाव आलं, तशी बाळाची मावशी माइकवर हसली.

"तात्या, शेवटचं पदरचं जोडलं व्हय? टीव्हीत तर न्हाय हे!"

मांडवभर हशा. मूळ गाणं ऐकलेली माणसंसुद्धा हसली. तात्याही हसले.

मी ताडकन उठले. "अहो, गाणंच त्यांचं आहे!"

"असू द्या ताई," तात्या हळूच म्हणाले, "बारसं हाय त्यांचं."

मला गाडीत बसवायला ते स्टँडवर आले.

"हितनं पुढं ते कडवं म्हणायचं न्हाय. लोक म्हणतील, म्हातारं दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घुसवतंय."

पुण्यापर्यंत माझा संताप काही उतरला नाही. सिनेमामुळे जुनं गाणं पुन्हा जिवंत झालं, असं कौतुकानं सांगणाऱ्यांचं तोंडही बघू नये असं वाटतंय. चोरी त्यांनी केली, आणि लाज वाटली ती तात्यांना.